हातची टकळी

चाळिशी उलटलेल्या माणसाला दोनच उद्योग शोभतात, असे आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात: एक सकाळचे फिरणे आणि दुसरा धाकट्यांना उपदेश करणे. यापैकी दुसरा मी पोटासाठीच करीत असल्यामुळे त्यात नवलाई उरलेली नाही आणि पहिला डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्यातली गोडी गेली. म्हणून गेल्या वर्षभरात मी तिसराच उद्योग धरला. मी लोकर कातायला शिकलो. शिकलो म्हणजे शिकतो आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांपैकी काहींनी एव्हाना पान उलटलेही असेल; कारण कातणे म्हटले की आपल्याला दोन ऑक्टोबर, पांढरी टोपी आणि भाषण एवढेच आठवते. पण माझे सूत त्यातले नव्हे. ते काळे आहे, खरखरीत आहे, त्याला मेंढीचा वास येतो आणि त्याच्यावर अजून कोणी भाषण केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या उद्योगाचे मूळ आमच्या वर्गात आहे. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला वाक्प्रचार चालले होते. कातण्या-पिंजण्याच्या धंद्याने मराठीला काय काय दिले, याची यादी फळ्यावर वाढत होती. दोघांचे सूत जमते. कोणी सुतावरून स्वर्गाला जातो. पोलीस सारा गाव पिंजून काढतात. सुंभ जळतो, पण पीळ जात नाही. आणि जो माणूस बोलायचा थांबतच नाही, त्याच्या तोंडाची टकळी चालू असते. (हा शेवटचा वाक्प्रचार लिहिताना मागच्या बाकांवर जो हशा पिकला, त्याचे कारण मी विचारले नाही.) एकाने 'सूतोवाच' सुचविले. त्याला सांगितले, बाबा रे, तो सूत निराळा. तो पुराण सांगणारा. त्याचा हातच्या टकळीशी संबंध नाही. तोंडाच्या टकळीशी असला तर असेल.

मग 'कातणे' या शब्दाकडे आलो. संस्कृतात 'कृत्' हा धातू दोन ठिकाणी येतो. एका ठिकाणी त्याचा अर्थ कापणे, दुसऱ्या ठिकाणी वेढणे, कातणे. म्हणून 'कर्तन' म्हणजे कापणेही होते आणि कातणेही. मराठीने मात्र दोन कामांना दोन शब्द ठेवले, कातरणे आणि कातणे. एवढे सांगून मी खडू खाली ठेवतो आहे तोच शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्याकडं दोन्ही लागतात. आधी मेंढी कातरायची, मग लोकर कातायची."

तास संपल्यावर तो मुलगा दाराशी थांबला. घर धनगराचे, माण तालुक्यातले. "तुम्ही पेळू म्हणालात ना सर," तो म्हणाला, "माझी आजी अजून करते. बघायला या की."

उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो. दहिवडीवरून म्हसवडकडे जाणारा रस्ता, मग एक फाटा, मग फाटाही संपतो. वस्ती म्हणजे चार घरे, एक कडुलिंब आणि भर दुपारी त्या कडुलिंबाखाली बसलेल्या आजी. कळप चरायला दूर गेला होता, मुलाचे वडीलही त्याच्याबरोबर. मी कोण, काय शिकवतो, हे नातवाने सविस्तर सांगितले. त्यातले आजींनी एवढेच घेतले की हा मास्तर आहे, आणि पुढचे चार दिवस मी मास्तर झालो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली निघाली. त्यातला मास्तर धनगरांच्या वाडीवर शिकवायला जातो. माडगूळकर शेजारच्याच आटपाडी तालुक्यातले. तेव्हा त्या मुलखाला मास्तर नवा नव्हता. शिकायला आलेला मास्तर तेवढा नवा असावा. कारण शेजारच्या घरातली मुले दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"शिकून काय करनार?" आजींनी विचारले. "माज्या सुना शिकंनात, तुमी कशापायी?"

मी म्हटले, "वर्गात शब्द शिकवतो ना आजी. ते शब्द ज्या कामातून आले ते बघावं म्हणतो."

"शबूद व्हय?" आजी हसल्या. "मग थंडीत पांघरा की शबूद!"

पण पाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. पाटीत लोकर होती.

आपण शहरातली माणसे लोकर म्हणतो ती दुकानातली, रंगीत गोळ्यांची, मऊ. त्यातली उंची लोकर मेरिनो जातीच्या मेंढीची असते. तिचा तंतू जाडीला चोवीस मायक्रॉन किंवा त्याहून बारीक भरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनांच्या आसपास. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर या तोलाची नव्हे. ती भरड, काळी-करडी, राठ. त्यातले बरेच तंतू आतून पोकळ. त्यांचा स्वेटर करून अंगात घातला तर माणूस दिवसभर खाजवीत बसेल. पण तिची घोंगडी झाली की गोष्ट पालटते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी हवेतली ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन पावसात मेंढरांमागे उभा राहणारा गडी उगाच उभा राहत नव्हता.

मेंढी कातरायच्या आधी तिला ओढ्यात धुतात. कातरलेली लोकर मग हातांनी विंचरून त्यातली गोखरे, कुसळे, काड्या वेचायच्या. मग ती पिंजायची. आणि पिंजलेल्या लोकरीची बोटभर जाडीची सैल वळकटी करायची, तो पेळू. या सर्व कामात डोके लावावे असे काही नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. मीही पहिला दिवसभर वेचण्यातच घालवला आणि संध्याकाळी बोटे न्याहाळली तर ती तुपात बुडवल्यासारखी मऊ झालेली. लोकरीत जो नैसर्गिक स्निग्धांश असतो तो हा. तोच शुद्ध करून 'लॅनोलिन' या नावाने मलमांत आणि क्रीममध्ये घालतात. आमच्या सौभाग्यवतींच्या कपाटात तो इवल्याशा डबीत असतो. आजींच्या हाताला तो जन्मभर फुकट लागला.

दुसऱ्या दिवशी हातात टकळी आली. टकळी म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या मुलांना आता सांगावे लागते. एक सरळ काडी, तिला अडकवलेली एक जड चकती आणि टोकाला एक आकडी. बस्स. आधीच कातलेल्या धाग्याचा हातभर तुकडा काडीला बांधायचा, त्याच्या मोकळ्या टोकाला पेळूतली थोडी लोकर लावायची, काडीला बोटांनी गिरकी द्यायची आणि ती लोंबकळत सोडायची. ती फिरते, धाग्याला पीळ चढतो, तुम्ही पेळूतून लोकर सोडत जाता, धागा वाढतो, टकळी जमिनीकडे उतरते. टेकली की धागा काडीवर गुंडाळायचा आणि पुन्हा गिरकी. सांगायला चार ओळी लागल्या. करायला पहिल्या दिवशी चार बोटे धागा निघाला नाही. टकळी सुटे, धागा तुटे, आणि ती सारवलेल्या जमिनीवर आवाज न करता पडे.

"आवं मास्तर, नरडं धरू नका तिचं," आजी म्हणाल्या. "लोकर हाय ती, चोर न्हवं."

नवशिक्याची सगळी गोम या नरड्यात आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. लोकरीचा एकेक तंतू बोटभर लांब असतो असे धरा. धागा बारीक करायचा तर हे तंतू एकमेकांवरून घसरले पाहिजेत. आता तुमचे दोन हात जर बोटभरापेक्षा जवळ असले, तर एकाच तंतूचे हे टोक उजव्या हातात आणि ते टोक डाव्या हातात येते, आणि मग कितीही जोर लावा, तुम्ही आपल्याशीच रस्सीखेच खेळत राहता. हात दूर घ्या, पकड सैल करा, की तीच लोकर लोण्यासारखी निघते. भीती वाटली की माणूस जवळ धरतो आणि आवळून धरतो. नव्याला भीती वाटतेच.

दुसरी गोष्ट पिळाची. पीळ हा वर चढत येणारा प्राणी आहे. टकळीपासून निघून तो धाग्यातून तुमच्या बोटांपर्यंत येतो. बोटांनी त्याला तिथेच अडवायचे. बोटे ढिली पडली की तो पेळूत शिरतो, आणि एकदा पीळ पेळूत शिरला की तिथली लोकर सुटत नाही, नुसता गाठोड्यासारखा गोळा होतो. म्हणून आजींनी मला सोपी युक्ती सांगितली: टकळीला गिरकी देऊन आधी पीळ साठू द्यायचा, मग टकळी सरळ गुडघ्यांत धरायची, आणि ती थांबलेली असताना सावकाश लोकर ओढायची. साठलेला पीळ नव्या लोकरीत आपोआप सरकतो. फिरवणे आणि ओढणे ही दोन कामे एकदम करायची नाहीत, एकामागून एक करायची. चार-आठ दिवसांनी ती आपोआप एकत्र येतात. मला तीन आठवडे लागले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मौजेची वाटते. धागा कुठे बारीक, कुठे जाड असा निघतो. तुम्हाला वाटेल, पीळ सगळीकडे सारखा बसत असेल. छे! पीळ धावतो तो बारीक जागी. बारीक भाग पिळून पिळून तारेसारखा होतो आणि जाड भाग तसाच फुगलेला, सैल, आरामात राहतो. (घरोघरीच्या संसाराचे दाखले वाचकांनी आपापले आठवावेत.) पण यातच कातणाऱ्याची सोयही आहे. बारीक भाग पिळाने पक्का झालेला असल्यामुळे धागा हलका ओढला तर लांबतो तो फक्त जाड भाग. तो बारीक झाला की पीळ तिकडे धावतो. असे करीत करीत धागा एकसारखा होतो. पीळ बरा बसला की नाही हे पाहायचे तर धागा मधोमध दुमडून सैल सोडावा. तो आपणच आपल्याभोवती वळतो. गरगर वळून गाठी पडल्या तर पीळ फार, वळलाच नाही तर पीळ कमी. मापाला पट्टी नको, काटा नको.

माझा पहिला हातभर धागा आजींनी उन्हात धरून पाहिला. "ह्ये दावं झालं," त्या म्हणाल्या. "म्हस बांधा ह्येला." आणि लगेच, मास्तरला फार लागू नये म्हणून असेल, "पर तुटायचं न्हाई." 

ही टकळी किती जुनी, याचा विचार केला म्हणजे हातातली काडी जड वाटू लागते. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात तिच्या मातीच्या चकत्या ढिगाने सापडल्या आहेत. त्या मानाने चरखा अगदी अलीकडचा. भारतात चरख्याचा पहिला लेखी उल्लेख इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिला तो इसामी या कवीच्या 'फुतूह-उस-सलातीन' या ग्रंथातला, १३५० सालचा. हा इसामी दिल्लीहून पोरवयात आपल्या दौलताबादेस आणला गेला. तिथून पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाला त्याने ग्रंथ लिहिला. आणि उल्लेख कशाचा? रझिया सुलताना १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर होती. तिच्याविषयी लिहिताना हा गृहस्थ म्हणतो की बाईने आपले चरख्यापाशी बसावे, राज्याच्या फंदात पडू नये. एवढ्या मोठ्या यंत्राची आपल्याकडची पहिली नोंद व्हावी ती एका राणीला टोमणा मारण्यासाठी! चरखा कोणी चालवला, किती सूत निघाले, ते कोणाच्या अंगावर गेले, याबद्दल इसामीला काही म्हणायचे नाही.

चौथ्या दिवशी निघताना आजींनी दोन किलो लोकर आणि स्वतःची जुनी टकळी माझ्या पिशवीत घातली. पैसे विचारले तर रागावल्या. नातू एसटीपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने जे सांगितले त्यात तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब होता. लोकरीला आता गिऱ्हाईक नाही. मेंढी कातरणाऱ्याची मजुरी देऊन लोकर विकायला न्यावी तर मजुरीही निघत नाही. पण न कातरावी तर मेंढीला उन्हाचा त्रास. म्हणून कातरायची आणि पुष्कळदा टाकून द्यायची. धनगर मेंढी पाळतात ती मटणासाठी. माडग्याळसारखी, अंगाने थोराड आणि लोकर कमी अशी मेंढी त्यांना परवडते. त्याच्या वडिलांच्या खांद्यावर पावसात असतो तो प्लास्टिकचा कागद. "हलका पडतो सर," तो म्हणाला. यावर मी काय बोलणार? भर पावसात ओली घोंगडी खांद्यावर वागवायची आहे ती मला नव्हे.

घरी आल्यावर पिशवी उघडताच घरात जे झाले ते वाचकांनी कल्पनेने जाणावे. "हे माझ्या घरात यायचं नाही," हे पहिले वाक्य. "आधी धुवा," हे दुसरे. लोकर धुणे ही वेगळी विद्या आहे. तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, माशासारखे. ऊन पाणी, साबण आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात ते कायमचे. लोकरीचा बुरणूस होतो. बुरणूस मुद्दाम करतातही, तो वेगळा धंदा. आपल्याला कातायचे असेल तर कोमट पाण्यात थोडा साबण टाकून लोकर नुसती बुडवून ठेवावी, ढवळू नये, पिळू नये, अलगद उचलून सावलीत पसरावी. आमच्या गच्चीवर ती पसरली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन, "कुणाचं काही वारलं का?" असे विचारले. उन्हाळा होता. ओल्या मेंढीचा वास घमघमतो खरा.

आणि त्याच काकूंच्या डोक्यावर रोज रात्री नऊ ते दहा माझी टकळी पडू लागली. वस्तीवरच्या सारवलेल्या जमिनीवर आवाज होत नसे. आमच्या फरशीवर टण्ण असा होतो. आमच्या घरात यावर दोन मते होती. मुलीचे मत, बाबा मोबाइलवर चित्रण करू देतील तर मैत्रिणींना दाखवता येईल. तिच्या आईचे मत, "वीस वर्षं तोंडाची टकळी ऐकली, आता हातची ऐकायची."

आतल्या खोलीत तिसरे माणूस होते, ते काही बोलत नव्हते. आमची आई पंचाहत्तरीला आली आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेली. एके काळी हीच बाई दिवाळी अंकांचा असा फडशा पाडत असे की वाचनालयवाला आधी तिला विचारून मग दुसऱ्यांना अंक देई. आता कोणी वाचून दाखवले तर ऐकते. पण वाचून दाखवायला आम्हाला वेळ कुठे असतो? ती मागत नाही, आम्ही देत नाही. गॅलरीतल्या खुर्चीत बसते, हात मांडीवर ठेवून. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकते.

पाचव्या की सहाव्या रात्री टकळी पडली तशी ती आतून म्हणाली, "अरे, पेळू आवळून धरतो आहेस. किती लवकर लवकर पडते बघ."

मी आत गेलो. "तुला काय ठाऊक?"

"चौथीत होते आम्ही. रोज एक तास सूतकताई."

मग आठवले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगाच्या शिक्षणाची कल्पना मांडली, आणि स्वराज्यानंतर गावोगावच्या प्राथमिक शाळा 'जीवन शिक्षण मंदिर' झाल्या. आईची शाळा त्यांतलीच. पोरांच्या दप्तरात पाटीबरोबर पितळी चकतीची टकळी असे. गुरुजी सूत बोटांवर ताणून पाहत. आईला गणितात कमी गुण असत, सुतात जास्त. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आपल्या आईची चौथी आपल्याला ठाऊक नसते.

तिने टकळी हातात घेतली. काडी बोटांनी चाचपली, चकतीचे वजन तळहातावर पाहिले, "केवढी जड ही!" म्हणाली. तिची सवय कापसाची. कापसाचा तंतू आखूड, त्याला पीळ भरपूर आणि झटपट लागतो. त्या सवयीने तिने गिरकी दिली तर लोकरीचा धागा गरगर वळून गाठी पडल्या. "मेली हट्टी आहे," म्हणून तिने तो सोडवला आणि पुन्हा गिरकी दिली, या वेळी हळू. मी दिवा लावायला उठलो तर म्हणाली, "मला काय करायचाय दिवा?"

खरोखरच कातायला डोळे लागत नाहीत. धागा जाड झाला, बारीक झाला, तुटायला आला, हे बोटांना आधी कळते, डोळ्यांना मागाहून. चार दिवसांत तिचा धागा माझ्यापेक्षा एकसारखा निघू लागला. पंधरा दिवसांत माझ्या हातातली टकळी तिच्याकडे गेली आणि मी स्वतःसाठी कांदे-बटाट्यांच्या खोक्यातली फळी गोल कापून, तिला मधोमध भोक पाडून, त्यात बांबूची काडी बसवून दुसरी केली. (ज्यांना शिकायची हौस असेल त्यांनी अशीच करावी. चकती मध्यावर तोललेली हवी, नाहीतर टकळी डुगडुगते. वजन तीस-चाळीस ग्रॅम पुरे.)

मात्र घरात खरा बदल झाला तो निराळाच. पूर्वी आई कधी वाचून दाखव म्हणत नसे. म्हणायला तिला संकोच होत असावा. आता दुपारी मी घरी असलो की हुकूम येतो, "माझे हात गुंतलेत, तू वाच." आणि मी वाचतो. गेल्या सहा महिन्यांत दोन कादंबऱ्या झाल्या, तिसरी चालू आहे. मधे थांबलो तर टकळीही थांबते आणि विचारणा होते, "का रे? पुढे?"

परवा शहरात एक हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते. घोंगड्यांच्या गाळ्यावर एक बाई उभ्या होत्या. किंमत ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात दोन मऊ ब्लँकेटं येतात." त्या खोटे बोलत नव्हत्या. येतात. गाळ्यावरचा माणूस गप्प राहिला. आजी मला म्हणाल्या होत्या, घरचे काम सांभाळून एकट्या बाईने एका घोंगडीची लोकर कातायची तर महिना तर जातोच. मग ते सूत सनगराकडे जाणार. तो चिंचोके शिजवून त्याची खळ करणार, ती धाग्याला चढवणार म्हणजे तो ताठ आणि चिवट होतो, उन्हात वाळवणार, मग खड्ड्याच्या मागावर बसून विणणार. एवढे सगळे त्या गप्प राहण्यात होते. तो माणूस बोलला असता तरी त्या बाईंना किती ऐकायला वेळ होता, कोण जाणे. मी मध्ये पडलो नाही. मास्तरकीचा मोह आवरला. पण घोंगडी मात्र मी घेतली आणि घासाघीस केली नाही. घरी येऊन तिच्या कडेचा धागा सोडवून, दुमडून, पीळ पाहिला. फार उत्तम पीळ होता.

गणपतीच्या सुटीत तो विद्यार्थी गावी गेला तेव्हा त्याच्याबरोबर आईच्या सुताचे सहा गुंडे आणि माझा दीड गुंडा आजींना दाखवायला पाठवला. परत आल्यावर त्याने वर्गाबाहेर मला निकाल सांगितला. आईचे सूत हातात घेऊन आजींनी विचारले, "ही बाय कोन? आदी कापूस कातल्याली दिसती. पीळ जादा घालती." माझ्या गुंड्याकडे पाहून काही विचारले नाही. सनगराशी बोलून त्यांनी ठरवून टाकले आहे की घोंगडी लावायची: उभा धागा त्यांचा, कारण मागावर ताण उभ्यावर येतो, आणि आडवा आईचा. माझे सूत कडेला तोंड बांधायला घेतील. फक्त आईच्या सुताचे आणखी आठ गुंडे हवेत आणि त्यांत पीळ कमी हवा.

हा निरोप मी आईला सांगितला. तिने टकळी थांबवली. "सांग त्यांना," ती म्हणाली, "पीळ कमी करीन. पण लोकर नीट वेचून पाठवा म्हणावं, कुसळं बोटांत जातात." पुढच्या आठवड्यात त्याचे उत्तर आले, "डोळं न्हाईत तर कुसळ दिसंल कसं म्हनावं, आता म्याच वेचीन." या दोघी एकमेकींना अजून भेटलेल्या नाहीत. त्यांचा टपालवाला सध्या तृतीय वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, आणि त्याची हजेरी पूर्वीपेक्षा चांगली आहे.

परवा पुन्हा तीन किलो लोकर आली. वेचलेली आहे, धुतलेली नाही. या क्षणी ती आमच्या गच्चीवर पसरली आहे, आई खुर्ची टाकून तिच्याजवळ बसली आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून येत असल्याचे ऐकू येते आहे.